शालेय क्षयरोग तपासणी : शासनाची जबाबदारी

शाळकरी मुलांमधील क्षयरोग शोधण्यासाठी शासनाने कायद्याने किंवा आदेशाने उभारलेल्या व्यवस्थेला, आणि त्या व्यवस्थेबरोबर शासनावर येणाऱ्या खर्चाच्या, उपचारांच्या व पाठपुराव्याच्या बांधिलकीला, शालेय क्षयरोग तपासणीची जबाबदारी म्हणता येईल. या नोंदीत संसर्ग आणि रोग यांतील फरक आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. शरीरात शिरलेले क्षयजंतू सुप्तावस्थेत राहिले, तर मूल आजारी नसते व इतरांना रोग देत नाही. हे जंतू सक्रिय होऊन खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे दिसू लागली किंवा क्ष-किरणांत बदल आढळले, म्हणजे त्यास रोग म्हणतात. लहान मुलांच्या फुप्फुसात जंतूंची संख्या सहसा कमी असल्याने त्यांच्यापासून वर्गातील इतरांना लागण होण्याचा धोकाही कमी असतो. बहुतेक वेळा मुलालाच घरातील किंवा सहवासातील प्रौढाकडून लागण झालेली असते. त्यामुळे शाळेत संसर्ग आढळलेले मूल हे तपासणी करणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने अन्यत्र असलेल्या रुग्णाचा माग असते, आणि तो माग काढण्याची व्यवस्था नसेल तर चाचणीला फारसा अर्थ उरत नाही.

संसर्ग ओळखण्याची जुनी व स्वस्त पद्धत म्हणजे ट्युबरक्युलिन चाचणी होय. क्षयजंतूंपासून मिळवलेल्या प्रथिनांचे अल्पसे द्रावण हाताच्या त्वचेत टोचतात आणि दोन ते तीन दिवसांनी तेथे उमटलेली प्रतिक्रिया मोजतात. 1907 मध्ये ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी त्वचेवरील ओरखड्याची पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील शार्ल मांटू यांनी सुईने टोचण्याची पद्धत मांडली, जी पुढे रूढ झाली. तीच मुले ठराविक दिवशी एकाच ठिकाणी पुन्हा भेटतात ही शाळेची सोय या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्याला उपयोगी पडली. शाळा हे तपासणीचे केंद्र होण्यामागे वैद्यकीय कारणांइतकेच हे व्यावहारिक कारणही होते.

शासनाची ही जबाबदारी कायद्यात सर्वाधिक तपशिलाने लिहून घेतलेल्या देशांत जपानची गणना करावी लागते. 1950 मध्ये तेथे क्षयरोगाने 1 लाख 20 हजारांहून अधिक मृत्यू झाले होते आणि मृत्यूच्या कारणांत तो दीर्घकाळ अग्रस्थानी होता. या पार्श्वभूमीवर 1951 मध्ये झालेल्या क्षयरोग प्रतिबंधक कायद्याने नियमित आरोग्य तपासणीची जबाबदारी वाटून दिली, ती अशी की कामगारांसाठी मालकाने, विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या प्रमुखाने आणि उर्वरित नागरिकांसाठी स्थानिक प्रशासनाने तपासणी करवावी. निष्कर्ष ‘होकेन्जो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सार्वजनिक आरोग्य केंद्रामार्फत वरच्या यंत्रणेकडे पोहोचत आणि रोग आढळल्यास उपचारांच्या खर्चाला सार्वजनिक निधीचा आधार मिळे. मुख्याध्यापकाला कायद्याने जबाबदार धरूनही निदान व उपचार त्याच्यावर सोपवलेले नव्हते, हे या रचनेचे मर्म होय.

प्रत्यक्षात चाचणीची प्रतिक्रिया ऋण आलेल्या मुलांना बीसीजी लस देत, आणि तीव्र प्रतिक्रिया आलेल्यांची छातीची क्ष-किरण तपासणी करून गरजेनुसार आयसोनायझिड हे प्रतिबंधक औषध सुरू करत. जपानमध्ये त्वचेवरील काठिण्याऐवजी लालसरपणाचा व्यास मोजत व तो 10 मिलिमीटर किंवा अधिक असल्यास चाचणी धन मानत. व्यवस्थेतील अडचण तिच्या यशातूनच निर्माण झाली. वारंवार बीसीजी टोचलेल्या मुलांची त्वचा लसीमुळेच प्रतिक्रिया देऊ लागली, त्यामुळे प्रतिक्रिया लसीची की संसर्गाची हे सांगता येईना. दुसरीकडे मुलांमधील रुग्णसंख्या इतकी घटली, की असंख्य निरोगी मुलांना टोचून, क्ष-किरणांसमोर उभे करून आणि काहींना अनावश्यक औषधे देऊन सापडणारे रुग्ण अगदी मोजके राहिले. बीसीजीची पुनर्लस देऊ नये, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेनेही 1995 मध्ये घेतली होती.

एप्रिल 2003 पासून जपानने प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील सार्वत्रिक ट्युबरक्युलिन चाचणी आणि पुनर्लसीकरण थांबवले. त्याऐवजी पालकांनी भरावयाची प्रश्नावली आली. त्यात मुलाला पूर्वी क्षयरोग झाला होता का, कुटुंबात कोणाला झाला आहे का, खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे का, आणि क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात मूल गेल्या तीन वर्षांत एकूण सहा महिने किंवा अधिक राहिले आहे का, असे प्रश्न असतात. भारत अशा देशांत मोडतो. त्यामुळे महाराष्ट्रातून जाऊन तेथील स्थानिक शाळांत दाखल होणाऱ्या मराठी मुलांनाही हा प्रश्न लागू पडतो. 2005 मध्ये शिशूंना चाचणीविना थेट बीसीजी देण्यास सुरुवात झाली, 2007 मध्ये जुना कायदा संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यात विलीन झाला, आणि 2021 मध्ये जपानमधील वार्षिक नवीन रुग्णांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे 10 च्या खाली आले. सरसकट चाचणी बंद झाली, तरी शाळेची जबाबदारी संपली नाही, कारण आता योग्य मुलाची निवड करणे व त्याला तपासणीपर्यंत नेणे हे तिचे काम झाले. काटेकोरपणे पाहता हे काम अधिक कठीण आहे.

भारतात शाळकरी मुलांच्या चाचणीचे असे सार्वत्रिक बंधन नाही. 1948 नंतरच्या बीसीजी मोहिमेत लस टोचण्यापूर्वी ट्युबरक्युलिन चाचणी करत, परंतु पुढे ती वगळून थेट लस देण्याची पद्धत आली आणि आज बीसीजी जन्मानंतर लगेच देतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. शिक्षण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आहे, आणि राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाची आखणी केंद्र करते. अशा त्रिविध रचनेत शाळेतील मुलाविषयी अंतिम उत्तरदायित्व कोणाचे, हे जपानी कायद्याइतके स्पष्ट होत नाही. 2012 पासून क्षयरुग्णाची शासनाकडे नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती वैद्यकीय पथके शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. ही तपासणी म्हणजे लक्षणांवरून केलेली छाननी असते. संशयित मुलाला पुढे आरोग्य केंद्रात पाठवावे लागते, जेथे थुंकी काढता न येणाऱ्या लहान मुलाच्या जठरातील द्रव घेऊन जनुकीय तंत्राने जंतू शोधावे लागतात. पालकांची संमती, प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांवर हा पुढचा टप्पा अवलंबून राहतो, आणि छाननीत संशयित ठरलेली मुले सर्वाधिक तेथेच निसटण्याचा संभव असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत अधिक ठळक होतो, कारण तेथे मुले एकाच वसतिगृहात दाटीने राहतात, पालक दूरच्या पाड्यांवर असतात आणि लागण कोणाकडून झाली हे शोधण्यासाठी शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र व मुलाचे गाव अशा तीन ठिकाणी एकाच वेळी काम करावे लागते. विनाअनुदानित खासगी शाळा मात्र बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या नियमित पथकांच्या कक्षेत येत नाहीत. तेथील विद्यार्थ्याची तपासणी प्रामुख्याने पालक व त्यांचा डॉक्टर यांच्या दक्षतेवरच अवलंबून असते.