पेंग, श्वास आणि यंत्र : उरलेल्या झोपेचा इतिहास

पुण्याच्या बुधवार पेठेत दुपारची झोप हा थट्टेचा विषय आहे. एक ते चार दुकान बंद ठेवणारा व्यापारी, त्याची वामकुक्षी आणि त्या वेळात आलेल्या गिऱ्हाइकाला मिळणारे उत्तर यांवर पिढ्यान्पिढ्या हसून झाले आहे. या हसण्याआड एक माणूस मात्र लपून जातो. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या ज्याची मान पुन्हापुन्हा छातीवर पडते, तो आळशी आहे, रात्री जागलेला आहे की आजारी आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. त्याने रात्रभर नाकावर मास्क बांधून श्वासाचे यंत्र वापरले असेल आणि तरीही पेंग हटत नसेल, तर ते त्याचे त्यालाही कळत नाही. वैद्यकाच्या इतिहासात हा माणूस बराच उशिरा दिसू लागला. त्याचाच हा धागा.

आधी आजार थोडक्यात. स्लीप अॅप्नियात झोपेत घशाची वाट मिटते. छाती श्वासासाठी धडपडत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि मोठ्या घोरण्यासह श्वास परत येतो. तीव्र आजारात असे एका रात्रीत शेकडो वेळा घडते. सकाळी यातले काहीच आठवत नाही. आठवण उरते ती फक्त थकव्याच्या रूपाने.

या आजाराच्या आधुनिक इतिहासातला एक आरंभीचा रुग्ण दुकानदारच होता. १८८९ मध्ये लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी कोंबड्या-बदके विकणाऱ्या ३७ वर्षांच्या एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. तो गिऱ्हाईक करता करता उभ्यानेच झोपी जाई. पाव तासाने जाग येई तेव्हा बदक हातातच असे आणि गिऱ्हाईक निघून गेलेले असे. केटन हे बारीक नजरेचे गृहस्थ होते. प्राण्यांच्या मेंदूतले विद्युतप्रवाह त्यांनी १८७५ मध्येच नोंदवले होते. हा रुग्ण गाढ झोपला की त्याचा घसा बंद होतो, छाती व्यर्थ हलत राहते आणि चेहरा काळानिळा पडतो, हेही त्यांनी टिपून ठेवले. म्हणजे आजार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तरी त्यांनी निदान केले ते ‘नार्कोलेप्सी’चे, कारण त्या काळी अनावर झोपेसाठी उपलब्ध असलेले नवे नाव तेच होते. रात्रीचा गुदमरलेला श्वास आणि दिवसाची झोप एकाच पानावर लिहिली गेली, पण त्यांना जोडणारी रेघ कोणी ओढली नाही.

त्या वेळच्या चर्चेत एकाला डिकन्सचा मुलगा आठवला. १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने छापल्या गेलेल्या ‘पिकविक पेपर्स’मधला जो हा जाडगेला पोऱ्या कुठेही आणि केव्हाही झोपतो. कादंबरीतले हे पात्र पुढे रोगाचे नाव होऊन बसले. १९५६ मध्ये अमेरिकेतील बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पिकविकियन सिंड्रोम’ असा शब्द शीर्षकात घालून लेख लिहिला. त्यांचा रुग्ण एक व्यावसायिक अधिकारी होता. पोकर खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले आणि तेवढ्यात त्याला डुलकी लागली. इतका उत्तम हात वाया गेल्यावर आपल्याला इस्पितळाची गरज आहे, हे त्याला पटले. बायकोचे किंवा वरिष्ठांचे सांगणे कमी पडले असावे. लेखकांनी झोपेचे खापर रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडवर फोडले. रुग्ण रात्री कसा झोपतो, हे पाहायला अजून कोणी थांबले नव्हते.

इथे आपल्याकडच्या एका शब्दाची नोंद घ्यायला हवी. बुधवार पेठेच्याच कडेला, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी सुश्रुतसंहिता सहज मिळते. तिच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाला जडणाऱ्या तक्रारींची यादी आहे. त्यात क्षुद्रश्वास आहे, अतिनिद्रा आहे, अंगाची गळाठलेली अवस्था आहे आणि ‘क्रथन’ हा शब्द आहे. झोपेतली घुरघुर किंवा श्वासाला अकस्मात होणारा अडथळा असे त्याचे अर्थ घेतले जातात. ‘आपल्या पूर्वजांनी स्लीप अॅप्निया शोधला’ असा मथळा यावरून लगेच रचता येईल, पण तो खरा ठरणार नाही. यादीत शेजारी असणे म्हणजे कार्यकारणभाव सांगणे नव्हे. केटन यांच्या कागदावरही दोन्ही गोष्टी अशाच शेजारी होत्या. मात्र झोप, श्वास आणि अंगाचा शीण या तिन्हींची दखल एकत्र घेतली गेली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

रेघ ओढली गेली १९६५ मध्ये. फ्रान्समधील मार्से येथे गास्तो, तासिनारी आणि ड्यूरोन यांनी, आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी, अशा रुग्णांच्या रात्रभराच्या नोंदी घेतल्या. श्वास वारंवार थांबतो आणि झोपेचे तुकडे होतात, हे कागदावर उमटले. दिवसाची पेंग ही रात्रीच्या चोरीची भरपाई होती. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्तियान गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्लीप अॅप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केले आणि मोजमाप ठरवले : सात तासांच्या झोपेत, प्रत्येकी किमान १० सेकंदांचे, निदान ३० श्वासखंड. पुढे त्यातूनच ‘तासाला किती’ हा आकडा पुढे आला. पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक, तीस किंवा अधिक म्हणजे तीव्र.

हा आकडा फार मोलाचा ठरला, पण त्याने एक अदलाबदलही केली. तोवर आजाराची ओळख झोपाळू माणसावरून होत होती. आता ती श्वासाच्या मोजणीवरून होऊ लागली. पेंग हे मुख्य लक्षण होते, ते दुय्यम झाले. श्वास सुधारला की पेंग आपोआप जाईल, हे गृहीतच धरले गेले.

या गृहीतकाला बळ मिळाले ते सिडनीत. तोवर तीव्र रुग्णांवर मुख्य उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून देणे. जून १९८० मध्ये कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर असाच एक रुग्ण होता आणि त्याला गळ्याला छिद्र नको होते. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटार, नळ्या आणि नाकाच्या मापाचा मास्क जोडून दाबाची हवा सतत नाकात सोडली. मास्क चिकटवायला सिलिकोनचा लेप वापरला जाई. जुगाड म्हणावे असेच ते यंत्र होते. तपकीर गल्लीत तासभर फिरले असते, तर त्यातले बरेचसे सामान गोळा झाले असते. हवेच्या दाबाने घसा उघडा राहिला, रुग्ण रात्रभर झोपला आणि दुसऱ्या दिवशी टक्क जागा राहिला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला आणि सीपॅप जगभर गेले.

अनेकांना या यंत्राने खरोखर नवा दिवस दिला. काहींना तो दिला नाही, आणि धाग्याचा खरा विषय ते आहेत.

त्यांची कोंडी विलक्षण आहे. सकाळी यंत्राच्या पडद्यावर तासाला दोन-तीन श्वासखंड दिसतात. घरचे म्हणतात, घोरणे थांबले. आकडा म्हणतो, आजार आटोक्यात आहे. आणि माणूस अकरा वाजता पुन्हा पेंगतो. पूर्वी निदान आजाराची सबब होती. आता तीही गेली. ‘यंत्र घेतले, पैसे घातले, तरी याचे तेच,’ असे ऐकत बसावे लागते.

संशोधकांनी प्रथम संशय घेतला तो वापराचा. रात्री चार तास मास्क लावला, तर वापर पुरेसा असा एक संकेत रूढ झाला होता. २००७ मध्ये टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाला स्वतःला जाणवणारी पेंग उतरायला साधारण चार तास पुरतात, प्रयोगशाळेत मोजलेली पेंग उतरायला सहा लागतात आणि रोजची कामे सुरळीत व्हायला साडेसात. पण सात तासांहून अधिक वापर करणाऱ्यांतही काही जण झोपाळूच राहिले. शिवाय यंत्र श्वास देते, झोपेचे तास देत नाही. औरंगजेबाच्या मुक्कामात १७०३ च्या सुमारास ‘मुहियाबाद’ नाव मिळालेली ही पेठ पुढे बुधवार झाली, आणि आज ती पुण्याच्या सर्वांत गजबजलेल्या भागांत मोडते. तिचा काही भाग तर रात्रीच जागा होतो. विसर्जनाची मिरवणूक बेलबाग चौकातून चोवीस तासांहून अधिक काळ वाहते. पाच तास झोपणाऱ्याने पाचही तास मास्क लावला, तरी दोन-तीन तासांची तूट उरतेच.

मग बाकीची कारणे : मास्कमधून गळणारी हवा, चुकीचा दाब, रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य, पायांची अस्वस्थ वळवळ, सर्दीच्या किंवा इतर गोळ्यांची गुंगी. यांतली बहुतेक तपासता येतात, म्हणून डॉक्टरकडे परत जाणे निरर्थक नसते.

सगळे वगळूनही काही जण उरतात. २००९ मध्ये फ्रान्समधील पेपँ आणि सहकाऱ्यांनी यंत्र वापरणाऱ्या ५०२ रुग्णांची पाहणी केली. १२ टक्के अजून झोपाळू होते. इतर ठळक कारणे बाजूला काढल्यावरही ६ टक्के राहिले. याचे एक संभाव्य उत्तर अमेरिकेत सिग्रिड व्हीझी यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून आले. झोपेत प्राणवायू वारंवार कमी-जास्त केला, तर मेंदूला जागे ठेवणाऱ्या पेशींनाच इजा होते आणि हवा पूर्ववत केल्यावरही उंदरांची जाग पूर्ववत होत नाही. माणसात हे किती प्रमाणात घडते, यावर वाद आहे. पण ‘यंत्र लावूनही झोपतो’ या तक्रारीला शरीरात आधार असू शकतो, हे त्याने मान्य झाले.

औषधांचा इतिहास मात्र दुभंगलेला आहे. फ्रान्समध्ये शोधलेल्या मोडाफिनिलला २००४ मध्ये अमेरिकेने सीपॅपनंतर उरलेल्या पेंगेसाठीही परवानगी दिली. २०१० मध्ये युरोपच्या औषध नियामकाने ते फक्त नार्कोलेप्सीपुरते ठेवावे, अशी शिफारस केली. तेच औषध, तोच रुग्ण आणि समुद्राच्या दोन काठांवर दोन न्याय. २०१९ मध्ये अमेरिकेत सोलरिअमफेटॉलही आले. यांतले कोणतेही यंत्राऐवजी घ्यायचे नाही. श्वास उघडा ठेवण्याचे काम यंत्राचेच.

हा प्रश्न परदेशी म्हणून सोडून देता येत नाही. २००४ मध्ये झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतला श्वासविकार नोंदवला. दिवसाची पेंगही असलेले ७.५ टक्के होते. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा या आजाराचे नाव प्रथमच अनेक घरांत पोचले.

आणि उरलेली पेंग मोजायची कशाने? जगभर वापरली जाते ती मेलबर्नच्या मरे जॉन्स यांची १९९१ ची एपवर्थ प्रश्नावली. आठ प्रसंग, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, दहाच्या वर गेले की चिंता. मराठीत पेंग, डुलकी, गुंगी, सुस्ती, ग्लानी, मरगळ, शीण असे वेगवेगळे शब्द आहेत. प्रश्नावली विचारते फक्त डुलकीचे. ज्याला डुलकी लागत नाही पण शीण हटत नाही, अशा माणसाचे, आणि त्यांत स्त्रिया बऱ्याच असतात, गुण कमीच भरतात. दुपारी आडवे झाल्यावर झोप लागते का, या प्रश्नाला पेठेत तीनपैकी तीन गुण निरोगी माणूसही मिळवील. मोटारगाडीबद्दल दोन प्रश्न आहेत, दुचाकीबद्दल एकही नाही. आणि आठही प्रसंग बसलेल्या किंवा आडव्या माणसाचे आहेत. केटन यांचा तो विक्रेता, हातात बदक धरून गिऱ्हाइकासमोर उभ्याने झोपणारा, हा कागद भरायला बसला असता, तर त्याच्या झोपेसाठी त्यात रकाना सापडला नसता.