मांडण्या रिकाम्या कुणी केल्या? हाँगकाँग, ओसाका आणि मार्च २०२०

१ एप्रिल २००३. हाँगकाँग सार्सच्या साथीने धास्तावलेले होते. त्या दिवशी चौदा वर्षांच्या एका मुलाने ‘मिंग पाओ’ या प्रतिष्ठित वृत्तपत्राच्या संकेतस्थळासारखे दिसणारे एक पान तयार केले. त्यावर बातमी अशी : हाँगकाँग ‘संसर्गग्रस्त बंदर’ म्हणून जाहीर होणार आणि मुख्य कार्यकारी तुंग ची-ह्वा राजीनामा देणार.

आपले बहुतेक अन्न बाहेरून आणणाऱ्या शहराला बंदर बंद होण्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. बघता बघता सुपरमार्केटांमध्ये झुंबड उडाली आणि लोक तांदूळ व डबाबंद अन्न उचलू लागले. आरोग्य संचालक मार्गारेट चॅन (पुढे त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक झाल्या) यांना जाहीर खुलासा करावा लागला की असा कोणताही विचार नाही आणि अन्नाचा साठा पुरेसा आहे. सरकारने सुमारे ६० लाख मोबाइलधारकांना लघुसंदेश पाठवून बातमी खोटी असल्याचे कळवले.

बातमी खोटी होती, पण तिच्यामुळे मोकळी झालेली मांडणी खरी होती. दुपारी दुकानात गेलेल्या माणसाने अफवेवर विश्वास ठेवला नसला, तरी तांदूळ त्यालाही मिळणार नव्हता. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्येच या प्रकाराला नाव दिले होते : स्वतःच स्वतःला खरे करणारे भाकीत. त्यांचे उदाहरण बँकेचे होते. बँक सुस्थितीत असते, ती बुडणार अशी वदंता उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखर बुडते.

या प्रकारासाठी साथच लागते असे नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धामुळे तेलाचे संकट उभे राहिले आणि जपानचे व्यापारमंत्री नाकासोने यांनी कागद जपून वापरण्याचे आवाहन केले. १ नोव्हेंबरला ओसाकाजवळच्या सेन्री या नव्या वसाहतीतील एका दुकानापुढे टॉयलेट पेपरसाठी गृहिणींची मोठी रांग लागली. ती रांग वृत्तपत्रांत आली आणि मग गावोगावी तशाच रांगा लागल्या. काटकसरीचे सरकारी आवाहन लोकांनी टंचाईची पूर्वसूचना म्हणून वाचले, आणि त्यांना सर्वस्वी मूर्ख ठरवणे कठीण आहे. ज्या वस्तूची चिंता नाही ती जपून वापरा, असे कोणते सरकार सांगते?

आता मार्च २०२०चे ब्रिटन. कोरोनाच्या बातम्यांबरोबर टॉयलेट पेपर, पास्ता, साबण आणि पीठ यांच्या मांडण्या ओस पडल्या. ४८ तासांचे काम संपवून बाहेर पडलेल्या एका अतिदक्षता परिचारिकेला दुकानात फळे-भाज्या मिळाल्या नाहीत. गाडीत बसून रडत तिने केलेली चित्रफीत देशभर पाहिली गेली. २१ मार्चच्या सरकारी पत्रकार परिषदेत सांगण्यात आले की तीन आठवड्यांपूर्वीच्या तुलनेत लोकांच्या घरांत १ अब्ज पौंडांचे अधिक अन्न पडून आहे. आरोग्यसेवेचे वैद्यकीय संचालक स्टीफन पोविस यांनी तर आपल्या सर्वांना याची लाज वाटायला हवी, अशा आशयाचे उद्गार काढले.

खलनायक ठरला होता : ढकलगाडी शिगोशीग भरून नेणारा साठेबाज.

ग्राहकांच्या खरेदीची नोंद ठेवणाऱ्या कांतार या संस्थेचे आकडे मात्र निराळे चित्र दाखवतात. २२ मार्चला संपलेल्या चार आठवड्यांत किराणा विक्री २०.६ टक्क्यांनी वाढून १०.८ अब्ज पौंडांवर गेली. नाताळच्या दिवसांतही इतकी होत नाही. परंतु असाधारण प्रमाणात खरेदी करणारे कितीजण होते? द्रवरूप साबण घेणाऱ्यांपैकी ६ टक्के, पास्ता घेणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के. उरलेल्यांनी नेहमीपेक्षा एखाद-दुसरी वस्तू जास्त घेतली आणि दुकानाच्या खेपा वाढवल्या. १६ ते १९ मार्च या चार दिवसांत अशा ४ कोटी २० लाख जादा खेपा झाल्या.

म्हणजे मांडण्या मोजक्या हावरटांनी लुटल्या नव्हत्या. लाखो समंजस माणसांनी प्रत्येकी एक पुडा जास्त उचलला होता. शाळा बंद होणार, कचेरी घरातून चालणार, दुपारचे जेवणही घरीच होणार, असे दिसत असताना एक पुडा जास्त घेणे याला घबराट म्हणावे का? आपत्तींचा अभ्यास करणारे एन्रिको क्वारँटेली हयातभर हेच सांगत आले की संकटात माणसे सैरावैरा होतात ही समजूत बव्हंशी चुकीची आहे.

मग एका पुड्याने दुकान कसे कोलमडले? त्याचे उत्तर दुकानाच्या मागच्या बाजूला सापडते. आधुनिक सुपरमार्केटला कोठार असे फारसे नसतेच. काल विकले गेले तेवढे आज मागवायचे, मालाने पडून राहू नये, जागेचे भाडे वाचावे, असा सारा हिशेब असतो. टॉयलेट पेपर आकाराने मोठा आणि किमतीने हलका, म्हणून तो दुकानात सर्वांत कमी साठवला जातो आणि संपला की भिंतभर पोकळी डोळ्यांत भरते. शिवाय कचेऱ्यांत वापरले जाणारे मोठे रोल आणि घरगुती रोल ही दोन वेगळी उत्पादने आहेत. माणसे घरी बसली की एकाची मागणी आटते, दुसऱ्याची फुगते, आणि यंत्रे एका रात्रीत बदलता येत नाहीत.

पिठाची कथा तर याहून बोलकी आहे. ब्रिटनमध्ये पीठ कधीच कमी नव्हते. तिथल्या गिरण्यांच्या पिठापैकी सुमारे ४ टक्केच दुकानांतून पिशव्यांत विकले जाते, बाकीचे टँकरने किंवा मोठ्या पोत्यांत पाव-बिस्किटांच्या कारखान्यांना जाते. मार्चमध्ये घरोघरी पाव भाजण्याची लाट आली तेव्हा अडथळा आला तो लहान पिशव्या भरणाऱ्या यंत्रांचा. ती यंत्रे अहोरात्र चालवून उत्पादन दुप्पट केले, तरी आठवड्याला ३५ ते ४० लाख पिशव्याच निघत. एवढ्यात देशातील १५ टक्के कुटुंबांना आठवड्याला एक पिशवी मिळते. गिरणी पिठाने भरलेली असताना मांडणी रिकामी राहिली, ती अशी.

सुपरमार्केटांनी उपाय केले. एका वस्तूचे दोन किंवा तीनच नग अशी मर्यादा घातली, वृद्धांसाठी सकाळचा पहिला तास राखून ठेवला. सरकारने स्पर्धा-कायदा शिथिल करून दुकानांना साठ्याची माहिती आणि मालगाड्या एकमेकांत वाटून घेण्याची मुभा दिली. यातील नगांची मर्यादा इतिहासाच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावी अशी आहे. ८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनने लोणी, साखर आणि बेकनचे रेशनिंग सुरू केले. त्या व्यवस्थेत हिस्सा माणसाच्या नावावर असे आणि त्याचे नाव एका ठरावीक दुकानात नोंदलेले असे. आज रांगेत उशिरा पोहोचलो तरी माझे लोणी माझेच, ही खात्री त्या पुस्तिकेत होती. २०२०ची मर्यादा माणसावर नव्हती, खेपेवर होती. ज्याच्याकडे वेळ आणि मोटार होती, तो दुसऱ्या दुकानात जाऊन पुन्हा तीन नग घेऊ शकत होता. मुंबईतही १९४३ मध्ये रेशनिंग आले, आणि ‘रेशन’ हा शब्द मराठीत असा रुजला की आज तो परका वाटतही नाही. त्या कार्डावरही नाव असते ते कुटुंबाचे.

भारतात २४ मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, मध्यरात्रीपासून लागू झाली, आणि मधल्या चार तासांत लोक किराणा दुकानांकडे धावले. मास्क आणि सॅनिटायझर त्याआधीच, १३ मार्चला, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आले होते. २१ मार्चला त्यांचे दरही बांधले गेले : तीन पदरी मास्क १० रुपये, २०० मिलिलिटर सॅनिटायझर १०० रुपये. पण त्या रात्री महिन्याचे धान्य भरणे महिन्याचा पगार असणाऱ्यालाच शक्य होते. रोजच्या मजुरीतून रोजचा शिधा आणणाऱ्याच्या हाती त्या चार तासांत जास्तीचे काही पडणार नव्हते.

ब्रिटनमध्ये हीच माणसे अन्नपेढ्यांच्या दारात उभी होती. या पेढ्या बऱ्याच अंशी ग्राहकांनी आपल्या खरेदीतून बाजूला काढलेल्या पास्त्यावर आणि डब्यांवर चालतात. मार्चमध्ये मदत मागणारे वाढले आणि नेमके तेव्हाच दान आटले, कारण दान करायचा पास्ता दुकानातच उरला नव्हता.