गार्सिया : आडनावाचा अर्थ आणि वसईचा धागा

गार्सिया हे स्पेनमधील सर्वाधिक आढळणारे आडनाव. स्पेनमध्ये त्याचा उच्चार 'गार्थिया'च्या जवळ जातो, तर लॅटिन अमेरिकेत 'गार्सिया' असाच होतो. हा शब्द मुळात आडनाव नसून मध्ययुगातील पुरुषाचे नाव होते. तो बास्क भाषेतून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो 'अस्वल' या अर्थाच्या शब्दापासून आला, काहींच्या मते 'तरुण' या अर्थाच्या.

स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे, मग आईचे. त्यामुळे नोबेल विजेते (१९८२) गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांना आपण सरसकट 'मार्केझ' म्हणतो, ते खरे तर त्यांच्या आईचे आडनाव. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांचेही तसेच. मात्र त्यांना स्पेनमध्येही 'लोर्का'च म्हणतात, कारण गार्सिया फारच झाले! १५६३ मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापणारे गार्सिया द ओर्ता या यादीत धरू नयेत. तिथे गार्सिया हे पहिले नाव आहे.

महाराष्ट्राला जवळचे गार्सिया म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. जेझुइटांबरोबर ते जपानला गेले, अनेक वर्षे काम केले, भाषा शिकले. पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला आणि पुढे स्पॅनिश सत्तेखालील मनिलात ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये ते दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. तिथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत तेही होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत मानले जातात. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

वसईत किंवा पुण्यात येरवडा, वडगाव शेरी भागात लोपीस, फर्नांडिस, गोन्साल्विस अशी आडनावे दिसली की 'हे मूळचे पोर्तुगीज का?' असा प्रश्न हमखास येतो. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असे आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळत असे. वंश स्थानिकच राहिला. गोन्सालोंचे आडनाव मात्र वडिलांकडून आलेले होते, आणि वसईच्या आजच्या ख्रिस्ती कुटुंबांत 'गोन्साल्विस' भरपूर असले तरी 'गार्सिया' क्वचितच भेटतात.