नोकरी होती, निवारा नव्हता : बडोदे, १९१७

आर्थिक प्रगती झाली की बेकारी आपोआप ओसरते व प्रगतीचे फळ यथाकाल दुर्बलांच्याही पदरी पडते, असा एक सार्वत्रिक समज आहे. बडोद्याच्या इतिहासातील एका प्रसंगाने या समजाची मर्यादा स्पष्ट होते.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत हे संस्थान प्रगतीत अग्रेसर होते. १८९० मध्ये तंत्रशिक्षणासाठी कलाभवन स्थापन झाले; १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे झाले; १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. याच संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. विद्या होती, पद होते, राजाश्रयही होता. राहावयास खोली मात्र नव्हती. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना खोली सोडावयास लावली.

पुढे काय घडले, हे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नमूद केले आहे. हिंदू मित्राने घरचे नोकर निघून जातील, अशी अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्राने ‘पत्नीस विचारावे लागेल’ असे उत्तर दिले. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले होते. पत्नीचा जुना आचार मात्र सुटला नव्हता. कामाठी बागेत काही तास बसून आंबेडकर रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

लगेच १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यात बडोदे संस्थानच्या समितीच्या अहवालाचाही परामर्श आहे. शेतीवर विसंबलेले अतिरिक्त श्रमबळ निष्क्रिय राहते, आणि औद्योगिकीकरण हाच त्यावरील खरा उपाय होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे स्वतःस आलेल्या अनुभवानंतरही आर्थिक वाढीची आवश्यकता त्यांनी नाकारली नाही.

या दोन गोष्टी एकत्र ठेवूनच विचार केला पाहिजे. वाढीमुळे कामे निर्माण होतात. परंतु ती कोणास लाभावीत व कोणास टिकवता यावीत, हे पुष्कळदा समाजाचा उंबरठा ठरवितो. त्या दिवशी बंद राहिलेल्या दारांपैकी एक ख्रिस्ती घराचे होते, हे धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी विसरता कामा नये. खेड्यातील तरुणास शहरात काम मिळाल्याचे आपण आनंदाने सांगतो. त्यास खोली कोण देणार, हा प्रश्नही आपल्या धर्मग्रामात त्याच वेळी विचारला गेला पाहिजे.