बंद मंडलाची परंपरा : विद्युत् मोटारीतील इंटरलॉक आणि त्याचे दोषशोधन

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीत भिन्न दाबांची दोन विद्युत् मंडले शेजारी शेजारी नांदत असतात. पहिले मंडल दिवे, भोंगा व नियंत्रक उपकरणे यांचे असून त्याचा दाब सामान्यतः १२ व्होल्ट असतो. दुसरे मंडल घटमाला, इन्व्हर्टर व मोटर यांचे होय. त्याचा दाब पुष्कळ गाड्यांत ४०० व्होल्टांच्या आसपास, तर २०१९ साली आलेल्या पोर्शे टायकनसारख्या गाडीत ८०० व्होल्टांच्या घरात असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १०० अन्वये एकदिश प्रवाहाचा दाब ६० व्होल्टांपलीकडे गेला की ते मंडल उच्च दाबाचे गणले जाते. अशा मंडलाची जोडणी किंवा झाकण कोणी अनवधानाने उघडल्यास त्याच्या जिवाला अपाय होऊ नये, म्हणून एक तिसरे, अगदी क्षीण प्रवाहाचे मंडल योजलेले असते. माळेतील दोऱ्याप्रमाणे ते संरक्षित कनेक्टरांमधून व झाकणांमधून ओवलेले असते. दोरा अखंड असेल तरच नियंत्रक घटमालेचे कॉन्टॅक्टर मिटू देतो. कनेक्टरातील या मंडलाच्या पिना मुख्य पिनांहून आखूड ठेवतात. त्यामुळे कनेक्टर ओढताना प्रथम हा दोरा तुटतो. यालाच इंटरलॉक म्हणतात.

ही कल्पना मोटार उद्योगाच्या आधी रेल्वेत रुजली. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने १८७० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात जी स्वयंचलित सिग्नल-व्यवस्था उभारली, तीत गाडी आली म्हणजे प्रवाह सुरू होई व सिग्नल धोका दर्शवी. परंतु तार तुटली किंवा बॅटरी क्षीण झाली तर गाडी असूनही सिग्नल ‘मार्ग मोकळा’ असेच सांगत राही. १८७२ साली पेटंट मिळालेल्या आपल्या नव्या योजनेत रॉबिन्सनने हा क्रम उलटा केला. प्रवाह रुळांमधून अखंड वाहावा व त्याने रिले उचलून धरावा. गाडीच्या चाकांनी व आसांनी प्रवाहाला आडवाट मिळाली की रिले पडावा. आता रूळ तुटो, तार तुटो वा बॅटरी संपो, परिणाम एकच : धोक्याचा सिग्नल. यंत्रणेच्या मौनाला ‘थांबा’ हा अर्थ येथे प्राप्त झाला.

या तत्त्वाला कायद्याचे बळ मिळण्यास मात्र माणसांचे बळी जावे लागले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ एका सहलगाडीचे मागील डबे चढावावर सोडवून ठेवण्यात आले. त्या गाडीचा निर्वात ब्रेक स्वयंचलित नव्हता. नळी सुटताच तो लागण्याऐवजी निकामी झाला. डबे उतारावरून मागे घरंगळले, मागून येणाऱ्या गाडीवर आदळले व सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांसाठी स्वयंचलित सलग ब्रेक व सिग्नलांचे इंटरलॉकिंग सक्तीचे करण्याचा कायदा केला.

तथापि बंद मंडलाच्या दोन मर्यादा आहेत. पहिली ही, की ते ‘तुटले आहे’ एवढेच सांगते. ‘कोठे’ ते सांगत नाही. मोटारीच्या नियंत्रकात नोंदली जाणारी ‘पी०ए०ए’ ही खूण उच्च दाब यंत्रणेच्या इंटरलॉक मंडलात बिघाड आहे, इतकाच अर्थ व्यक्त करते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर या वाक्यात क्रिया आहे, परंतु अधिकरण नाही. ते शोधणे हेच दोषशोधन होय.

समुद्रतळाच्या तारायंत्राच्या तारांत दोषाचे स्थान रोध मोजून काढण्याची पद्धती एकोणिसाव्या शतकात विकसित झाली. मैलागणिक रोध ठाऊक असल्याने अंतराचे गणित मांडता येई. मोटारीत तार काही मीटरांची व दोष बहुधा सांध्यातला, म्हणून ते गणित निरुपयोगी ठरते. येथे विभाजनाचा मार्ग पत्करावा लागतो.

त्यापूर्वी गाडी निर्विद्युत् करणे अपरिहार्य आहे. गाडी बंद करून १२ व्होल्टांची बॅटरी सोडवावी, सर्व्हिस प्लग काढून स्वतःजवळ ठेवावा आणि धारित्रे रिती होण्यास उत्पादकाने सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. मग १००० व्होल्टांस योग्य असे रबरी हातमोजे घालून दाब मोजावा. मीटर आधी व नंतर ज्ञात दाबावर पारखावा. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. यानंतर नजरेने पाहणी करावी. अर्धवट बसलेला कनेक्टर, पूर्ण न सरकवलेली सर्व्हिस प्लगची दांडी, शिरलेले पाणी किंवा सैल झालेली पीन ही कारणे वारंवार आढळतात. तेथे काही न सापडल्यास मंडल मध्यावर सोडवून दोन्ही भागांचे सातत्य तपासावे आणि सदोष भाग पुन्हा निम्मा करावा. एकच तुटलेला सांधा सोळा सांध्यांतून चार मापनांत हाती लागतो. दोष अधूनमधून प्रकट होणारा असेल तर तार हलवीत मापन करावे लागते. स्थिर अवस्थेतील निर्दोष आकडा येथे फसवा असतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अनाहूत मार्गाने आलेला प्रवाह बंद मंडलाला खरा वाटू शकतो. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ याच कारणाने ३५ जण प्राणास मुकले. तारा बदलताना एक जुनी तार पुरती काढली गेली नव्हती. तिचे मोकळे टोक रिलेच्या जोडणीला टेकले आणि मार्गावर गाडी उभी असतानाही सिग्नल लाल झाला नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार येथे झालेल्या अपघाताच्या चौकशीतही सिग्नल-मंडलातील फेरफाराच्या कामातील त्रुटीच कारण ठरल्या. गाडी चालू व्हावी म्हणून इंटरलॉकची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून टाकणारा कारागीर नेमके हेच करीत असतो. तो दोष दूर करीत नाही. दोष सांगणाऱ्याचे तोंड बंद करतो.

रेल्वेचा वारसा मोटारीने जसाच्या तसा मात्र घेतलेला नाही. रेल्वेत थांबणे हे सामान्यतः सुरक्षित असते. भर रहदारीत धावती मोटार एकाएकी शक्तिहीन होणे तसे नसते. म्हणून अनेक रचनांत मंडल धावताना तुटल्यास चालकाला इशारा दिला जातो आणि गाडी थांबल्यावरच उच्च दाब तोडला जातो अथवा पुन्हा जोडू दिला जात नाही. एकच तत्त्व दोन वाहनांत निरनिराळे आचरावे लागते, याचे हे बोलके उदाहरण होय. दोषशोधकाने मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट ध्यानी ठेवावयाची : मंडल तुटले असता यंत्रणेने नकार देणे हा बिघाड नव्हे, ते तिचे कर्तव्य होय. बिघाड त्या नकाराच्या मागे, एखाद्या सांध्यात असतो. आणि तो सांधा सापडेपर्यंत नकार कायम राहू देणे हेच शहाणपणाचे.