ई-मेल अटॅचमेंट आणि देवनागरी एन्कोडिंग

प्रोग्रॅमने आपोआप पाठवलेल्या ई-मेलला जोडलेल्या फाइलमधील अक्षरे कोणत्या संकेताने बाइटमध्ये मांडली आहेत, हे ठरवण्याची व घेणाऱ्याला कळवण्याची व्यवस्था. मूळ ई-मेल सात बिटांच्या रोमन अक्षरसंचापुरती होती; १९९० च्या दशकातील माइम मानकांनी (सुधारित रूप १९९६, आरएफसी २०४५ ते २०४९) इतर लिपींना व फाइलींना वाट करून दिली. यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘चिपळूण’ या नावात वेलांटी व ऊकार धरून सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट; त्यांतला ‘ळ’ २२४, १६४, १७९ असा जातो. हेच बाइट विंडोज-१२५२ हा रोमन लिपीचा संकेत मानून वाचले, तर एका ‘ळ’ च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. वाचण्याचा नियम चुकलेला असतो.

हा नियम फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक असतो, म्हणून तो सांगण्याची जबाबदारीही त्याचीच. मात्र एकदा सांगून भागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने विभागलेली) यादी पाठवताना माइमच्या शीर्षकात ‘यूटीएफ-८’ लिहिले, तरी फाइल संगणकावर उतरवताच ते शीर्षक मागे राहते. मग विंडोजवरील एक्सेल अनेकदा स्थानिक संकेत गृहीत धरते. त्यामुळे ओळख फाइलमध्येच हवी: आरंभी २३९, १८७, १९१ हे बीओएमचे (बाइट ऑर्डर मार्क या खुणेचे) तीन बाइट. फाइलच्या देवनागरी नावाचा नियम आणखी वेगळा असून तो १९९७ च्या आरएफसी २२३१ मध्ये आहे. पायथॉनमधील ‘ईमेलमेसेज’ सारखी सोय तो स्वतः पाळते. शीर्षक हाताने जुळवणारे प्रोग्रॅम इथेच फसतात.

बीओएममुळे काही प्रोग्रॅमना पहिल्या रकान्याचे नाव ओळखता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरून बीओएम टाकाऊ ठरत नाही. फाइल माणूस एक्सेलमध्ये उघडणार की दुसरा प्रोग्रॅम वाचणार, हे आधी ठरवावे लागते, एवढेच. सरळ पीडीएफ पाठवावी, असेही सुचवले जाते. नुसत्या वाचनाला ते पुरते, पण यादी क्रमाने लावायची, बेरीज करायची किंवा नाव शोधायचे, तर पीडीएफ अनेकदा अपुरी पडते. फाइलचे नाव रोमनमध्ये ठेवल्याने नावापुरती अडचण टळते, आतला मजकूर तसाच राहतो.

‘आता सगळे युनिकोडच आहे’ हा दावा महाराष्ट्रातील जुन्या दप्तरांपुढे टिकत नाही. पुण्यातील सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशा प्रणालींच्या जुन्या फाँटांत देवनागरी आकार रोमन संकेतांच्या जागी बसवलेले होते. अशा मजकुरावर यूटीएफ-८ चा शिक्का मारून काहीच साधत नाही. आधी त्या फाँटच्या तक्त्याने रूपांतर करावे लागते. हे काम पाठवण्यापूर्वीच व्हायला हवे, कारण लाभार्थ्यांच्या यादीत ज्याचे नाव वाचता येत नाही, त्याची नोंद असूनही ती शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.