शिशीवरचं नाव, तोंडातलं नाव

इटलीत जेवणाआधी भूक चाळवावी म्हणून थोडं कडसर मद्य घ्यायची रीत आहे. त्याला तिकडं ‘आपेरितिव्हो’ म्हणतात. चाकुरात बसून ह्या मास्तराला त्याचं काय पडलंय, असं तुम्हाला वाटेल. मी ते घेत नाही. पण अशाच एका मद्याच्या नावापायी आमच्या नात्यातलं एक लेकरू रडकुंडीला आलं, म्हणून आज हा विषय.

हा पोरगा पुण्यात एका हॉटेलात वेटर आहे. सोबतच्या जुन्या माणसाकडून ऐकलं तसं तो गिऱ्हाइकाला ‘चिन्झानो’ म्हणाला. गिऱ्हाईक हसलं. “सिन्झानो म्हणावं, गावाकडचा दिसतोस.” तेव्हापासून पोरगा शिशीकडं बोट दाखवतो, नाव घेत नाही.

आता इतिहास बघू. तुरिन शहरात १७५७ साली चिन्झानो आडनावाच्या दोघा भावांनी हा धंदा सुरू केला. म्हणजे हे मूळचं आडनाव. रोमन लिपीत ते ‘सी’ ह्या अक्षरानं सुरू होतं, आणि इटालियनमध्ये ‘सी’च्या पुढं ‘इ’ आला की उच्चार ‘चि’ होतो. पुढचं ‘झेड’ तिथं आपल्या ‘जावई’तल्या ‘ज’सारखं, ‘जिल्ह्या’तल्या ‘ज’सारखं नव्हे. चिंचेतला ‘चि’ घ्या, जावयातला ‘जा’ घ्या, झालं नाव तयार. हे दोन्ही आवाज आपल्या तोंडात जन्मापासून आहेत. इंग्रजीत चिन्झानो आणि सिन्झानो, दोन्ही ऐकू येतात. म्हणजे ज्याला हसले, तोच मुळाच्या जवळ होता.

मग तो ‘स’ आला कुठून? लॅटिनमध्ये हे अक्षर सगळीकडं ‘क’च होतं. रोमचा प्रसिद्ध वक्ता स्वतःच्या काळात किकेरो होता. इटालियनांनी त्याचा चिचेरोने केला, फ्रेंचांच्या वळणानं इंग्रजीत तो सिसेरो झाला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच लिहिण्याची पद्धत इंग्रजीत शिरली. आज इंग्रज जो नियम आपला म्हणून सांगतो, तो त्याच्यावर राज्य करणाऱ्याचा आहे.

त्याच मद्याच्या जातीचं नाव घ्या, व्हर्मूथ. मूळ जर्मन शब्द ‘वेर्मूट’, एका कडू वनस्पतीचं नाव. आपण चैत्रात जोतिबाला दवणा वाहतो ना, त्या दवण्याच्या कुळातली ही वनस्पती. जुन्या जर्मन लिखाणात शेवटी ‘टी-एच’ लिहीत, उच्चार मात्र ‘ट’. फ्रेंचांनीही ‘टी-एच’ लिहिलं आणि ‘त’ म्हटलं. इंग्रजानं अक्षरं पाहिली आणि ‘थ’ वाचला. तो ‘थ’ मुळात कुणाच्या तोंडात नव्हताच! त्याच वनस्पतीला इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द होता ‘वेर्मोड’. त्याचा अर्थ लागेना, तेव्हा लोकांनी तो ओढूनताणून ‘वर्मवुड’ केला, म्हणजे किड्याचं लाकूड! आपल्या आज्यांनी क्विनाईनचं कोयनेल केलं, ते ह्याहून काय वेगळं?

आपल्याकडं हेच उलट्या बाजूनं झालं. १८१७ साली खडकीला लढाई झाली. इंग्रजांच्या कागदात ती ‘किर्की’ झाली, कारण आपला ‘ड’ त्यांच्या कानाला ‘र’ वाटला. गोव्यात केप्याचं नाव पोर्तुगीजांनी आपल्या नियमानं लिहिलं. ‘क्यू’ आणि ‘यू’ मिळून त्यांचा ‘क’, शेवटचा ‘एम’ म्हणजे नुसता नाकातला सूर. आता बाहेरचा माणूस ती पाटी इंग्रजी नियमानं ‘क्वेपेम’ वाचतो. अक्षर एकाचं, नियम दुसऱ्याचा, आणि गाव तिसऱ्याचं.

पण बघा, किर्की म्हणणाऱ्या साहेबाला कुणी अडाणी म्हटलं नाही. त्याची चूक नकाशावर छापली गेली. आपल्या पोराची चूक नसतानाही त्याची जीभ बंद झाली. फरक उच्चारात नाही, बोलणाऱ्याच्या पायाखाली किती जमीन आहे, त्यात आहे.

माझं सांगतो. गावातून शहराच्या कॉलेजात गेलो तेव्हा एका फ्रेंच तत्त्वज्ञाचं नाव मी पुस्तकात दिसलं तसं मोठ्यानं वाचलं, ‘डेस्कार्टेस’. वर्ग हसला, मास्तरही हसले. नाव ‘देकार्त’ आहे, हे मला कळलं. पण त्या वर्षी मी वर्गात पुन्हा एक प्रश्न विचारला नाही. खूप वर्षांनी कळलं, लॅटिनमध्ये त्या गृहस्थाचं नाव ‘कार्तेसियस’ झालं होतं. म्हणजे ते नाव आधीच वाकवलं गेलं होतं. वर्षभराचे माझे प्रश्न मात्र गेले.

कुणी म्हणेल, मग काहीही म्हणावं का? नाही. माणसाचं किंवा गावाचं नाव असेल तर तिथल्या माणसाला विचारावं, आणि तो सांगेल तसं म्हणायची खटपट करावी. ती माणुसकी आहे. वस्तूचं नाव असेल तर ज्याच्याशी बोलतो त्याला कळलं, की पुरे. दुरुस्ती जरूर करावी, पण ती अशी करावी की समोरचा पुढचं वाक्य बोलेल.

त्या पोराला मी फोन केला. चिंच आणि जावई सांगितलं. तो हसला आणि नाव दोनदा म्हणून दाखवलं.

आता तुमचे प्रश्न घेतो. नावं कशीही उच्चारा, पण विचारा.